ब्रेकमध्ये बोलू

"बाबा, आला का नंबर?"

आयुष फोनवर होता. मी फोन स्पीकरवर टाकला होता आणि वरच्या पट्टीत तो नंबर मला स्वच्छ दिसत होता.

"नाही आला," मी म्हणालो.

"परत पाठवतो. आता बघा."

दुसरा नंबर आला. तोही मी नीट वाचला.

"छे. काहीच नाही रे."

आयुषने इंग्रजीत काहीतरी पुटपुटून नेटवर्कला नावं ठेवली. मग म्हणाला, राहू दे बाबा, इंटरनेटबरोबर फुकट मिळतो तो साधा प्लॅन चालूच आहे, फक्त मध्ये मध्ये जाहिराती येतील, आईला सांगा आणि थोडे दिवस चालवून घ्या. मी म्हणालो, हरकत नाही, तिला समजावतो. फोन ठेवला आणि दोन्ही मेसेज पुसून टाकले. हा नंबर कोणालाही सांगू नका, असं त्यांच्या खालीच लिहिलेलं होतं. मी जन्मभर सूचना पाळत आलेला माणूस आहे.

आता कोणी म्हणेल, स्वतःच्या बायकोच्या मालिकेत जाहिराती घुसवणारा हा कसला नवरा. म्हणू दे. त्याने माझ्यासारखा संसार करून दाखवावा आणि मग बोलावं.

मी महापालिकेच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होतो. तिथे पंप चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडायचो. अशी सगळी नोकरी काढल्यावर माणसाला शांततेशिवाय बोलता येत नाही. आवाजात बोलायचं म्हणजे मला अजूनही ड्युटीवर असल्यासारखं वाटतं. आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत शांतता कुठली? बालवाडीतली पोरं सांभाळून आलेली इंदू, आमची स्वतःची दोन पोरं, खाली आळंदी रस्ता. त्यात केबल आली. ज्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवरून काळी वायर लोंबायला लागली, त्याच वर्षी आम्ही रंगीत टीव्ही घेतला, आणि इंदू रोज संध्याकाळी मालिका बघायला लागली.

तिची एक पद्धत होती. मालिका चालू असताना घरात कोणी हूं की चूं करायचं नाही. पण ब्रेक लागला की रिमोटने आवाज पार बंद करायची, मांडी बदलून अख्खी माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, "हं, बोला."

तेवढा वेळ घर शांत. समोर साबणाच्या बायका आणि बिस्किटांची पोरं मुक्याने नाचतायत आणि इंदूचं सगळं लक्ष माझ्याकडे. भाजी निवडत नाही, केस विंचरत नाही, पोरांवर ओरडत नाही. नुसती माझ्याकडे बघते. दिवसभरात दुसऱ्या कुठल्याही वेळी ती माझ्याकडे तसं बघायची नाही. लोक जाहिरातींना शिव्या घालायचे आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, अजून एक लागू दे, अजून एक.

आमचा संसार ब्रेकमध्ये झाला म्हटलं तरी चालेल. आयुषला इंजिनिअरिंगला घालायचं ब्रेकमध्ये ठरलं. राजनंदिनीसाठी नाशिकचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा एका ब्रेकमध्ये पसंत झाला आणि लग्न विहारात साधेपणाने करायचं दुसऱ्या ब्रेकमध्ये ठरलं. माझी आई गेली तेव्हा मला इंदूपाशी रडायचं होतं, ते मी एका केसांच्या तेलाच्या जाहिरातीत रडलो. मला थोडक्यात बोलायची सवय लागली. काही राहिलंच तर ती हात वर करून म्हणायची, "उरलेलं पुढच्या ब्रेकला," आणि पुढच्या ब्रेकला विसरायची नाही. हे मात्र तिचं कबूल करायला हवं.

बाकी वेळ ती त्यांची असायची.

त्यांची म्हणजे मालिकेतल्या पुरुषांची. आधी एक मिश्यांवाला वकील होता. त्याला सगळे फसवायचे आणि तो सगळ्यांना माफ करायचा. इंदू त्याच्यासाठी डोळे पुसायची. मग एक डॉक्टर आला, तो गरिबांकडून फी घ्यायचा नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा इंदू डबा घेऊन आली, माझ्या पायांवर चादर टाकली आणि मालिकेच्या वेळेला घरी गेली. जाताना म्हणाली, आज त्या डॉक्टरांचं काहीतरी होणार आहे. मी खऱ्या दवाखान्यात पडलेलो आणि ही खोट्या डॉक्टरच्या काळजीत. माझा असा जळफळाट झाला की टाके ओढले गेले.

आणि आता हा रणधीरराव.

रणधीरराव इनामदार. कानाशी मोजून मापून पिकवलेले केस, घरातही बूट, आणि बोलताना असा थांबतो की समोरच्याला वाटावं, आता काहीतरी फार मोठं येणार. बायकोला 'अगं' म्हणत नाही, नावाने हाक मारतो आणि मग उगाच खिडकीबाहेर बघतो. मी एकदा इंदूला म्हणालो, या माणसाला कामधंदा आहे की नाही? ती म्हणाली, त्यांच्या चार कंपन्या आहेत. 'त्यांच्या'. मी इतकी वर्षं महापालिकेत काढली, पण बाहेर कोणाशी बोलताना ही माझं कौतुक करते ते एवढंच की आमचे हे पंपावर होते.

तरी रणधीरराव मी सहन केला असता. ब्रेक होते तोवर मला कोणाचीच भीती नव्हती. घात केला आयुषने.

आयुष हिंजवडीला कंपनीत आहे, बालेवाडीला राहतो. आईला निवृत्तीची भेट म्हणून त्याने भिंतभर टीव्ही आणला आणि त्यावर मोबाइलसारखं सगळं चालू करून दिलं. खातं माझ्या फोनवर उघडलं, कारण इंदूला फोनमधले नंबर-बिंबर नको असतात. सगळं झाल्यावर मोठ्या अभिमानाने म्हणाला, आई, आता एकही जाहिरात नाही. सूनबाई निकिताने टाळ्या वाजवल्या. इंदूचं तोंड उजळलं. मी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसलो होतो. माझ्या घरातून काय गेलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून 'बोला' बंद झालं. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू. मधे श्वास घ्यायला जागा नाही. मी वाट बघत बसायचो, कशाची ते मलाही कळायचं नाही, आणि मग उठून झोपायला जायचो. वर्षभरात आम्ही काय बोललो ते आठवायला गेलं तर गॅस संपला, पाणी आलं, मीठ कमी आहे, एवढंच आठवतं.

त्यातही मी म्हणालो असतो, यंत्रच तसं आहे, बाई काय करणार. पण तसं नव्हतं. रिमोटवर थांबवायचं बटण होतं आणि ते इंदूला चांगलं माहीत होतं. दूधवाल्याने बेल वाजवली की रणधीरराव जागच्या जागी थिजायचा. शेजारच्या वेणूबाई कढीपत्ता मागायला आल्या की थिजायचा. राजनंदिनीचा नाशिकहून फोन आला की तासभर थिजायचा. सगळ्या जगासाठी ती त्याला थांबवत होती, माझ्यासाठी नाही. मी दोन हातांवर बसलेला असायचो. मला दूधवाल्याचा हेवा वाटायला लागला, आता बोला. निवृत्त माणसाने दूधवाल्याचा हेवा करावा, ही काय वेळ आहे?

थांबव म्हणून मी का नाही सांगितलं? नाही सांगितलं. मागून घेतलेल्या ब्रेकला काय अर्थ आहे?

मग माझ्या छातीत कळ यायला लागली.

जिना चढताना यायची, थांबलं की जायची. मी कोणाला न सांगता दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला नीट. ईसीजीची पट्टी काढली, पळायच्या पट्ट्यावर चालवलं आणि म्हणाल्या, काका, अँजिओग्राफी करून घ्या, एखादी नळी बंद असेल, उशीर करू नका. येताना घरच्यांना घेऊन या, सही लागेल. मी हो म्हणालो आणि घरी येताना रस्त्यात दोनदा थांबलो. एकदा दमलो म्हणून आणि एकदा नुसता घाबरलो म्हणून.

आयुषला सांगितलं असतं तर त्याने पाच मिनिटांत गाडी आणून मला उचलून नेलं असतं. पण ही गोष्ट मला पहिल्यांदा इंदूला सांगायची होती. तिने माझ्याकडे वळावं, बोला म्हणावं आणि मग मी सांगावं. दुसऱ्या कुठल्या रीतीने एवढं मोठं सांगायचं मला येत नाही. कुकरच्या शिट्टीत मी ते ओरडून सांगायचं होतं काय? मी रोज संध्याकाळी तिच्या शेजारी ते वाक्य तोंडात धरून बसायचो आणि रोज ते तसंच गिळून झोपायचो. दुपारी ती विहारात गेली की फोनला विचारायचो. त्याच्यापुढे बोललं की तो शोधून देतो. अँजिओग्राफी दुखते का. नळी बंद झाली तर माणूस किती दिवस काढतो. फोन बिचारा सगळं ऐकून घ्यायचा.

आणि नेमका त्याच दिवसांत रणधीररावाला हार्ट ॲटॅक आला.

मला खरंच वाटलं की हे त्याने मुद्दाम केलं. एक हात छातीवर, दुसऱ्याने पडदा धरलेला, पडदा फाटतो, हा सावकाश खाली बसतो, केस जागच्या जागी. इंदूने पदर तोंडात धरला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मला म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, मला घास जाणार नाही. मी तिच्यासमोर एकटा भाकरी मोडत बसलो. माझी कळ खरी होती आणि घरात सुतक त्याचं चाललं होतं. जन्मात मी कोणाचं वाईट चिंतलेलं नाही, पण त्या क्षणी मला वाटलं, जा बाबा एकदाचा, मर.

दुसऱ्या दिवशी आयुषचा फोन आला, वर्ष संपलंय, पुढच्या वर्षाचे पैसे भरायचेत, नंबर सांगा. पुढचं मी सांगितलंच आहे.

संध्याकाळी मी दाढी केली. धुतलेला शर्ट घातला. इंदूने विचारलं, कुठे निघालात? मी म्हणालो, कुठे नाही. आणि सोफ्यावर माझ्या कोपऱ्यात बसलो. रणधीरराव आयसीयूत होता, नाकात नळी, तरी भुवया कोरलेल्या. आणि मध्येच तो नाहीसा झाला आणि जाहिरात लागली.

मी वाक्य जिभेवर आणलं. पण इंदूने आवाज बंद केला नाही. ती माझ्याकडे वळली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते आणि ती त्यांच्याकडे बघत बसली, सात, सहा, पाच. मी घसा खाकरला तोवर रणधीरराव परत आला. अहो, आमच्या वेळचे ब्रेक असे नव्हते. एका ब्रेकमध्ये मुलीचं लग्न ठरायचं. या आताच्या ब्रेकमध्ये माणसाला नीट खोकतासुद्धा येत नाही.

पुढचा आठवडाभर मी प्रत्येक ब्रेकला पुढे सरसावायचो आणि प्रत्येक वेळी मागे टेकायचो. इंदू आकड्यांकडे बघत बसायची आणि एवढंच म्हणायची, काय मेलं ते मध्ये मध्ये. जाहिराती कसल्या लागतायत तिकडे माझं लक्षच नव्हतं. मी तिच्या मानेकडे बघत होतो, ती वळते का म्हणून.

तिचं मात्र लक्ष होतं.

त्या संध्याकाळी रणधीरराव शुद्धीवर आला. बायकोचा हात हातात घेतला. आपल्या तरुणपणातलं काहीतरी, इतकी वर्षं लपवलेलं, तो आता सांगणार होता. कितीतरी दिवस सगळे याच घटकेची वाट बघत होते, वेणूबाईंनी तर फोन करून आठवण दिली होती. वाद्यं वाजायला लागली. त्याने बायकोला नावाने हाक मारली, थांबला, तोंड उघडलं.

इंदूने बटण दाबलं.

तो तसाच थिजला. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला.

मी दाराकडे बघितलं. बेल वाजली नव्हती. फोनही वाजला नव्हता. खोलीत खालच्या रस्त्यावरचा एक हॉर्न तेवढा ऐकू आला, मग तोही गेला. इंदूने रिमोट बाजूला ठेवला, मांडी बदलली आणि अख्खी माझ्याकडे वळली.

"बोला," ती म्हणाली.

मी विचारलं, कोण आलंय? ती म्हणाली, कोणी नाही आलं. मग तिनेच सांगितलं. वेणूबाईंकडे हीच मालिका लागते, त्यांच्याकडे मध्ये साड्यांच्या आणि भिंतींच्या रंगाच्या जाहिराती येतात. आपल्याकडे गेला आठवडाभर हृदयाचं हॉस्पिटल, हृदयाला चांगलं तेल आणि हृदयाचा विमा. आधी तिला वाटलं, रणधीररावांमुळे असेल. पण सकाळी ती टीव्हीवर इडलीचं पीठ कसं आंबवायचं ते बघत होती, तेव्हासुद्धा मध्ये हृदयच आलं. म्हणून दुपारी तिने आयुषला विचारलं. आयुष म्हणाला, ज्याच्या नावाचं खातं, तो फोनवर जे शोधतो, त्याच्याच जाहिराती टीव्हीवर येतात.

"खातं तुमच्या नावाचं आहे," इंदू म्हणाली. "काय शोधता तुम्ही दुपारचे?"

मग मी बोललो. सवयीने एका दमात, ब्रेक संपायच्या आत बसवलेलं ते वाक्य सगळं बाहेर काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या नळी बंद असेल तपासायचं आहे हातातून तार घालतात घरचं माणूस सोबत लागतं. आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं, किती उरले म्हणून. तिथे आकडे नव्हते.

"सावकाश," ती म्हणाली. "हे काही संपत नाही आता."

मग मी सावकाश सांगितलं. जिन्याचं सांगितलं, रस्त्यात थांबलो ते सांगितलं. मला भीती वाटते, हेही सांगितलं. तेल-साबणाच्या इतक्या जाहिरातींत हे एक मी कधी तिला सांगितलं नव्हतं. मी थांबल्यावर तिने विचारलं, कधीपासून होतंय?

"ह्याला व्हायच्या आधीपासून," मी टीव्हीकडे हनुवटी केली.

इंदूने त्या उघड्या तोंडाकडे बघितलं. "आणि मी ह्याच्यासाठी उपाशी राहिले," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुम्ही माझ्यासमोर बसून भाकरी खाल्लीत."

मग माझ्याही तोंडून निघून गेलं. वर्षभर तुंबलेलं होतं. "दूधवाल्यासाठी थांबवतेस त्याला. वेणूबाईंसाठी थांबवतेस. माझ्यासाठी एकदा तरी थांबवलंस का?"

"दूधवाला बेल वाजवतो," इंदू म्हणाली. "तुम्ही नुसते धुमसत बसता. मला वाटलं, आता तुम्हाला माझ्याशी बोलायचं काही राहिलं नाही. मग मी तरी कशाला थांबवू? त्यापेक्षा बघत बसलेलं बरं."

तीच पुढे म्हणाली, "आणि आयुषचा तो नंबर आला होता ना?"

"आला होता. दोनदा."

तिने मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही. उठली, स्वयंपाकघरातला गॅस बंद करून आली आणि आपल्या नेहमीच्या जागी न बसता माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, उद्या सकाळी जायचं. आयुषला तिथे पोचल्यावर फोन करू, उगाच हिंजवडीहून गाडी मारत येईल. मी म्हणालो, उद्या तुझी विहारातली कामं आहेत. ती म्हणाली, असू देत.

"कुठे दुखतं?" तिने विचारलं.

मी तिचा हात धरून जागा दाखवली. तिने तो तिथेच राहू दिला. मी म्हणालो, बघ तू आता पुढचं, सगळे वाट बघतायत, तो काय सांगतो त्याची. ती म्हणाली, राहू दे त्याला तसाच.

समोर रणधीरराव पलंगावर तोंड उघडून थांबला होता. त्यालाही काहीतरी फार महत्त्वाचं सांगायचं होतं. पण त्याला कोणी 'बोला' म्हणालं नाही.